दादरची गाडगे महाराज धर्मशाळा : उपचारांसाठी मुंबईत आलेल्यांचा आसरा

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयासमोरच्या पदपथावर रात्री पथारी टाकणाऱ्यांपैकी कित्येकांच्या नावावर गावाकडे घर असते, सातबाऱ्यावर थोडीफार जमीनही असते. कॅन्सरचे निदान झाले म्हणून ते मुंबईत आले, सोबतचे पैसे लॉजच्या भाड्यात आणि तपासण्यांत संपले, आणि रुग्णाला एकटे टाकून परत जाणे शक्य नसल्यामुळे घरदार असलेले कुटुंब बघता बघता रस्त्यावर आले, असा हा क्रम असतो. बेघरपणा म्हटले की आपल्यासमोर वर्षानुवर्षे पुलाखाली राहणारा माणूस येतो. आजारामुळे दोन-तीन महिन्यांपुरते बेघर झालेले कुटुंब आपल्या हिशेबातच नसते. त्या कुटुंबासाठी मुंबईत ज्या मोजक्या जागा आहेत, त्यांपैकी दादर पूर्वेला गाडगे महाराजांच्या नावाने चालणारी धर्मशाळा ही एक महत्त्वाची जागा आहे, आणि सेवा म्हणून ती कशी आहे याचा हा आढावा आहे. आरंभीच सांगतो, की माझे मत अनुकूल आहे. मात्र ते श्रद्धेपोटी बनलेले नाही आणि त्याला काही मर्यादाही आहेत.

गाडगे महाराजांच्या धर्मशाळा बहुतेकांना ठाऊक असतात त्या पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक अशा तीर्थक्षेत्रांतल्या. वारकऱ्याला, विशेषतः ज्याला जातीमुळे कोणी ओसरीवरही टेकू देत नव्हते अशा वारकऱ्याला, रात्रीची पाठ टेकायला हक्काची जागा मिळावी, हा त्यांमागचा हेतू होता. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा याच विचारातून उभी राहिली आणि १९४९ मध्ये बाबांनी ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. परंतु यात्रेकरूइतकाच अडलेला आणखी एक प्रवासी असतो, तो म्हणजे शहरातल्या मोठ्या रुग्णालयात आपले माणूस घेऊन आलेला खेडूत, हे त्यांनी फार लवकर ओळखले होते. रुग्णांच्या नातेवाइकांसाठी मुंबईत जे. जे. रुग्णालयाच्या परिसरात त्यांनी १९५४ मध्ये धर्मशाळा उभी केली, तेव्हा त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर होते. दोनच वर्षांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, त्यांचे निधन झाले. दादरची धर्मशाळा त्यांच्या पश्चात उभी राहिली; पण ती देवळापासून रुग्णालयाकडे वळलेल्या त्याच वाटेवरची आहे.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे, की धार्मिक संस्थेच्या सेवेकडे पाहताना तिचा धर्म तिच्या रोजच्या कारभारात कुठे दिसतो हे पाहावे लागते. गाडगे महाराजांची दशसूत्री त्यांच्या नावाच्या बहुतेक संस्थांत भिंतीवर लिहिलेली आढळते. भुकेलेल्याला अन्न आणि तहानलेल्याला पाणी यांपासून ती सुरू होते. बेघरांना आसरा, रोग्यांना औषधोपचार, बेकारांना रोजगार, दुःखी आणि निराश माणसाला हिंमत अशी एकेक गोष्ट सांगत ती हाच आजचा रोकडा धर्म असल्याचे बजावते. या दहा कलमांत मूर्ती नाही, व्रत नाही, दीक्षा नाही. आपला कोणी शिष्य नाही आणि आपण कोणाचे गुरू नाही, असे म्हणणाऱ्या माणसाच्या नावाने चालणाऱ्या संस्थेचे मूल्यमापन तिच्या देव्हाऱ्यावरून करताच येत नाही. ते तिथल्या गाद्यांवरून, मोऱ्यांवरून आणि ताटातल्या भातावरूनच करावे लागते, आणि कदाचित बाबांनीही तसेच केले असते.

आता ही सेवा नेमकी कोणती गरज भागवते ते पाहू, कारण ज्यांच्या घरात हा आजार आलेला नाही त्यांना मुक्कामाचा प्रश्न इतका गंभीर का, हे चटकन उमगत नाही. कॅन्सरचा उपचार म्हणजे एक शस्त्रक्रिया आणि आठवडाभराची खाट असे क्वचितच असते. तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरसाठी किरणोपचार द्यायचे ठरले, तर आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे साधारण सहा ते सात आठवडे रोज रुग्णालयात जावे लागते. प्रत्यक्ष किरण काही मिनिटांचे असतात, पण त्यांसाठी दिवस जातो. केमोथेरपीच्या फेऱ्या बहुधा तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने होतात आणि मधल्या काळात पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना ताप आला, तर रुग्णाला त्याच दिवशी, काही तासांच्या आत, डॉक्टरांपुढे न्यावे लागते. म्हणजे रुग्ण बाह्यरुग्ण असतो, त्याला रुग्णालयात खाट मिळत नाही, आणि तरीही त्याला रुग्णालयापासून लांब राहता येत नाही. बुलढाण्याहून किंवा बिहारमधील दरभंग्याहून आलेल्या शेतमजुराने दोन महिने मुंबईत कुठे राहायचे, याचे उत्तर कोणत्याही उपचारपत्रिकेवर लिहिलेले नसते. महाराष्ट्रातल्या रुग्णाच्या उपचाराचा मोठा भार महात्मा फुले जनआरोग्य योजना उचलते आणि रेल्वे कॅन्सरच्या रुग्णाला शयनयान वर्गाच्या भाड्यात पूर्ण सवलत देते. पण गाडीतून उतरल्यापासून पुन्हा गाडीत बसेपर्यंतचे दिवस कोणत्याच योजनेत बसत नाहीत. उपचार अर्धवट सोडून गावी परतणाऱ्यांचा विचार करताना आपण औषधांच्या किमतीबद्दल बोलतो. राहण्या-जेवणाच्या खर्चाबद्दल मात्र फारसे बोलत नाही, आणि गरीब कुटुंबाची गाठीची शिल्लक बहुधा तिथेच संपते.

दादरची धर्मशाळा ही मधली पोकळी भरून काढते. परळची रुग्णालये तिथून जवळ आहेत. टॅक्सीला थोडके पैसे पडतात, बस मिळते, आणि अंगात बळ असलेला नातेवाईक रिपोर्ट आणायला पायीही जाऊन येऊ शकतो. नकाशावर हे अंतर किरकोळ वाटते. परंतु केमो घेतल्यानंतर ओकारी आवरत बसलेल्या रुग्णाला लोकलने पनवेल किंवा विरारपर्यंत न्यायचे असेल, तर स्वस्त खोलीचा फायदा पहिल्याच प्रवासात संपतो. मुंबईत जागा कुठे आहे याला जागा कशी आहे याच्याइतकेच महत्त्व आहे, आणि या एका बाबतीत ही धर्मशाळा शहराच्या कडेला असलेल्या अधिक प्रशस्त निवाऱ्यांपेक्षाही उजवी ठरते.

प्रवेशाची पद्धत सरळ आहे, पण ती आधी माहीत असली पाहिजे. धर्मशाळेच्या दारात जाऊन आपली कहाणी सांगायची आणि जागा मिळवायची, असे येथे होत नाही, आणि ते योग्यच आहे. कारण तसे असते तर ज्याला बोलता येते त्याला जागा मिळाली असती आणि ज्याला बोलता येत नाही तो बाहेर राहिला असता. रुग्ण खरोखर उपचार घेत आहे, याची खातरजमा रुग्णालयाच्या कागदपत्रांवरून होते. त्यासाठी रुग्णालयातील समाजसेवा विभागाकडून पत्र घ्यावे लागते, सोबत केसपेपर आणि ओळखपत्र लागते, आणि रुग्णाबरोबर राहणाऱ्या माणसांच्या संख्येवर मर्यादा असते. मर्यादेचा हा नियम पहिल्यांदा ऐकताना अनेकांना जाचक वाटतो. आजारी माणसाबरोबर अख्खे कुटुंब येणे ही आपल्याकडची रीत आहे. आई, मामा आणि शेजारचे काका असे सगळे निघालेले असतात. परंतु प्रत्येक कुटुंबाला एक जास्तीचा माणूस दिला, की तेवढ्याच गाद्या दुसऱ्या रुग्णांना नाकाराव्या लागतात, हे तिथली गर्दी पाहिल्यावर कोणालाही पटावे.

स्वच्छतेचा मुद्दा मी मुद्दाम सविस्तर मांडतो. हातात खराटा घेऊन गाव झाडणाऱ्या संताच्या नावाची वास्तू स्वच्छ असावी ही अपेक्षा साहजिक आहे. पण येथे स्वच्छतेचा अर्थ शोभेपलीकडचा आहे. केमोथेरपी घेतलेल्या रुग्णाची प्रतिकारशक्ती इतकी खालावलेली असते, की तुंबलेली मोरी, ओलसर गादी किंवा उघडे ठेवलेले पाणी त्याच्या जिवावर बेतू शकते. पदपथावरच्या रुग्णाला खरा धोका थंडी-वाऱ्यापेक्षा या संसर्गाचा असतो. म्हणून कॅन्सरग्रस्तांसाठीच्या कोणत्याही निवाऱ्याची पहिली कसोटी म्हणजे तिथली स्वच्छतागृहे, पिण्याच्या पाण्याची व्यवस्था आणि कपडे वाळत घालण्याची जागा. तिथे राहणाऱ्यांनीही या कामात हातभार लावावा, ही गाडगे महाराजांच्या परंपरेतल्या ठिकाणांची रीत आहे, आणि ती मला फार शहाणपणाची वाटते. ज्याने स्वतः झाडले तो थुंकताना विचार करतो, हे एक कारण. आणि दिवसभर बाकावर बसून नंबराची वाट पाहणाऱ्या नातेवाइकाला हातांना काही काम मिळते, हे दुसरे. तंबाखूबद्दलही इथे वेगळे सांगावे लागते. तोंडाच्या कॅन्सरच्या रुग्णासोबत आलेला भाऊ जिन्यात उभा राहून मळत असतो, हे दृश्य परळच्या परिसरात रोजचे आहे, आणि अशा माणसाला निवाऱ्याच्या व्यवस्थापकाने सुनावले तर ती आगाऊपणाची गोष्ट नाही.

जेवण साधे असते: भात, वरण किंवा आमटी, पोळी, भाजी. पंगतीचे जेवण ज्यांनी खाल्ले आहे त्यांना चव ओळखीची वाटेल. निरोगी नातेवाइकासाठी ते पुरेसे आणि बाहेरच्या वडापावापेक्षा कितीतरी चांगले आहे. रुग्णाचा प्रश्न मात्र वेगळा असतो. किरणोपचारांच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तोंड सोलून निघते, तिखटाचा कण सहन होत नाही, पोळी गिळता येत नाही. कित्येकांना तर नाकातून घातलेल्या नळीवाटे पातळ अन्न द्यावे लागते आणि ते दर दोन-तीन तासांनी, ताजे, गाळून द्यावे लागते. अशा रुग्णासाठी मिक्सर, गरम पाणी आणि चहाच्या कपाएवढे दूध तापवता येईल अशी शेगडी यांचे मोल चार पदार्थांच्या ताटापेक्षा जास्त असते. म्हणून जेवण मिळते का, एवढेच विचारून थांबू नये. रुग्णासाठी वेगळे काही करून घेण्याची सोय कोणत्या वेळेला आणि कुठे आहे, हे दाखल होतानाच विचारून घ्यावे. पंगतीच्या परंपरेतून आलेल्या कोणत्याही अन्नदानात ही अडचण राहतेच, कारण पंगत सर्वांना सारखे वाढते आणि आजार प्रत्येकाला वेगळे खायला लावतो.

शुल्क नाममात्र आहे. मुंबईतल्या सर्वांत स्वस्त लॉजशीही त्याची तुलना होणार नाही. काहींना प्रश्न पडतो, की धर्मशाळा आहे तर पैसे का घेतात. माझ्या मते हे थोडके पैसे घेणे हाच या व्यवस्थेतला सर्वांत माणुसकीचा भाग आहे. ज्या शेतकऱ्याने आयुष्यभर लग्नाकार्यात लोकांना जेवू घातले, त्याला फुकटाच्या रांगेत उभे राहताना मान खाली घालावी लागते. तोच माणूस पावती घेऊन, आपले पैसे भरून, ताठ मानेने खोलीकडे जातो. ज्याच्याकडे तेवढेही नसतील त्याच्यासाठी मार्ग काढता येतात आणि काढले पाहिजेत, परंतु सर्वांनाच याचक करून टाकणारे औदार्य त्यापेक्षा बरे, असे मला वाटत नाही. बाबा स्वतः कष्ट केल्याशिवाय भाकरी घेत नसत, हे प्रसिद्ध आहे. एखाद्याच्या अंगणात शिरून आधी झाडलोट करायची किंवा लाकडे फोडायची आणि मगच खापरात शिळेपाके घ्यायचे, असा त्यांचा शिरस्ता होता.

धर्माच्या नावाने चालणाऱ्या मदतीबद्दल जी शंका सुज्ञ वाचकाच्या मनात येते, ती अशी, की आसऱ्याच्या बदल्यात श्रद्धा मागितली जाते का. भजन किंवा प्रार्थना म्हणणे हा प्रवेशाचा निकष नाही. निकष आजार आणि गरज हे आहेत. उत्तर प्रदेशातल्या मुसलमान विणकराच्या पत्नीचा आणि अमरावतीच्या वारकऱ्याचा केसपेपर सारखाच असतो, आणि दोघांनाही जागा देताना त्या केसपेपरापलीकडे पाहण्याचे कारण नसते. शेजारी शेजारी गाद्या टाकून राहिलेली कुटुंबे एकमेकांना जे देतात ते कोणत्याही दानपेटीतून येत नाही. कोणत्या खिडकीवर आधी जायचे, कोणता रिपोर्ट किती वाजता मिळतो, केस गळू लागले की मुलीला काय सांगायचे, हे सर्व ज्ञान तिथे मराठी-हिंदीच्या मिश्रणातून एका गादीवरून दुसऱ्या गादीवर जाते. पदपथावरही माणसे बोलतातच. पण तिथे सामानावर लक्ष ठेवण्यातच रात्र जाते. दशसूत्रीतले शेवटचे कलम निराश माणसाला हिंमत देण्याचे आहे, आणि त्यासाठी वेगळा समुपदेशक नेमला नाही तरी ते काम या सहवासातून बऱ्यापैकी होते, असे मला दिसते.

आता मर्यादा. पहिली मर्यादा संख्येची आहे आणि ती कोणा व्यवस्थापकाचा दोष नव्हे. टाटा रुग्णालयात देशभरातून रुग्ण येतात, त्यांतले बहुसंख्य सवलतीच्या किंवा मोफत उपचारांचे हक्कदार असतात, आणि परळ-दादर परिसरातील सर्व धर्मशाळा, समित्या आणि संस्था मिळूनही त्या सर्वांना सामावून घेऊ शकत नाहीत. पत्र हातात आहे म्हणजे जागा मिळालीच, असे गृहीत धरून कोणीही गावाहून निघू नये. दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. रुग्णालयाचे पत्र हा प्रवेशाचा पाया असल्यामुळे, ज्याच्याकडे आजाराचा कागद नाही पण छप्परही नाही, असा मुंबईतला कायमचा बेघर माणूस या दाराबाहेरच राहतो. २०११ च्या जनगणनेत मुंबईत सुमारे ५७ हजार बेघर मोजले गेले. लाखभर लोकवस्तीमागे चोवीस तास चालणारा एक निवारा असावा, हे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांतून आणि पुढे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या नियमांतून ठरलेले आहे, आणि त्याची जबाबदारी पालिकेची आहे, ट्रस्टची नाही. धर्मशाळेची स्तुती करताना आपण नकळत ही जबाबदारी पालिकेच्या खांद्यावरून उतरवतो की काय, अशी मला भीती वाटते. बाबांनी यात्रेच्या गावी धर्मशाळा बांधल्या, तेव्हा खेड्यातल्या गरिबाला हक्क सांगता येईल असे राज्यच नव्हते. आज ते आहे, आणि त्याने रुग्णालय उभारताना नातेवाइकांच्या मुक्कामाचा मजला त्याच आराखड्यात धरला पाहिजे.

तिसरी गोष्ट माहितीची. अशा संस्थांची कीर्ती तोंडोतोंडी पसरते आणि त्यामुळे ज्याला ओळखपाळख नाही त्यालाच ती सर्वांत उशिरा कळते. पदपथावर आठवडा काढल्यानंतर चहावाल्याकडून धर्मशाळेचे नाव कळले, असे सांगणारी माणसे परळला भेटतात. नोंदणीच्या खिडकीवरच मुक्कामाच्या ठिकाणांची छापील यादी मराठी, हिंदी आणि बंगालीत हातात पडली, तर हे दिवस वाचतील. त्याला फारसा खर्च येत नाही.

देणगी देऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडेसे. वाढदिवसाला किंवा आई-वडिलांच्या तिथीला एक वेळचे अन्नदान करण्याकडे आपला कल असतो, कारण त्यात वाढण्याचे समाधान मिळते. त्यामुळे सणासुदीला गोडाधोडाची गर्दी होते, आणि विजेचे बिल, पाण्याच्या टाकीची सफाई, गाद्यांची खोळ, सफाई कामगारांचा पगार यांना मात्र दाता सापडत नाही. शक्य असेल तर कोणताही हेतू न जोडता, पावती घेऊन, सर्वसाधारण निधीत पैसे द्यावेत. सार्वजनिक न्यासांचे हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे सादर होत असतात. मोठी रक्कम देणाऱ्याने ते पाहायला मागावेत, त्यात कोणाचा अपमान नाही. वापरलेले कपडे देताना मात्र जरा विचार करावा. कॅन्सरच्या रुग्णाला पुढून उघडणारा सुती सदरा किंवा गाऊन उपयोगी पडतो, कपाटातून निघालेली लग्नातली शेरवानी पडत नाही.

उपचारांसाठी प्रथमच मुंबईला निघालेल्यांनी शक्यतो सोमवारी किंवा मंगळवारी सकाळी रुग्णालयात पोहोचेल अशा बेताने निघावे, कारण समाजसेवा विभागाची खिडकी रविवारी उघडी नसते आणि शनिवारी दुपारी आलेल्याचे दोन दिवस फुकट जातात. रुग्णाचे आणि सोबत राहणाऱ्याचे ओळखपत्र, शिधापत्रिका आणि गावच्या डॉक्टरांचे सर्व कागद मूळ स्वरूपात आणि प्रत्येकी किमान चार छायाप्रतींसह बाळगावेत. नोंदणी होताच, तपासण्यांच्या रांगेत अडकण्यापूर्वी, मुक्कामाचे पत्र मागावे आणि एकाच धर्मशाळेवर न थांबता परिसरातील इतर संस्थांचीही नावे त्याच खिडकीवर लिहून घ्यावीत. निघण्यापूर्वी धर्मशाळेत दूरध्वनी करून जागेची आणि सोबतच्या माणसांच्या मर्यादेची चौकशी करावी, आणि तरीही पहिल्या तीन-चार रात्रींच्या लॉजचे पैसे वेगळे बांधून ठेवावेत. जागा रिकामी होण्यास तेवढा वेळ लागू शकतो. पातळ चादर, स्वतःचे ताट-पेला, झाकणाची बाटली आणि नळीने अन्न घेणारा रुग्ण असल्यास लहान मिक्सर, इतके सामान पुरते.